मागच्या चाकाचे बेअरिंग : काम लहान, जबाबदारी मोठी

मोटार दुरुस्तीच्या धंद्यात दोन प्रकारची कामे असतात. काही कामे ग्राहकाला डोळ्यांनी दिसतात. रंगकाम, डेंटिंग, नवे सीट कव्हर या गोष्टी बऱ्या झाल्या की वाईट, हे तो जागीच सांगू शकतो. काही कामे मात्र झाकली जातात. ड्रम बसला, चाक लागले, नट आवळले की आत काय केले हे फक्त कारागिराला ठाऊक असते. मागच्या चाकाचे बेअरिंग बदलणे हे या दुसऱ्या प्रकारातील काम होय.

हे काम तसे रोजचे आहे. शहरातील कोणत्याही गॅरेजमध्ये आठवड्यातून एखादी तरी गाडी "मागून घों-घों आवाज येतो" अशी तक्रार घेऊन येते. दोन-तीन तासांत काम उरकते, मजुरी मिळते, गाडी जाते. परंतु पुष्कळदा असे होते की, तीच गाडी दोन-तीन महिन्यांनी तोच आवाज घेऊन परत येते. मग दोष कंपनीला दिला जातो, दुकानदाराला दिला जातो, रस्त्यावरील खड्ड्यांना दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा दोष बेअरिंग बसविण्याच्या पद्धतीत असतो. कारखान्यात मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशेबाने घासलेली वस्तू आपण हातोडीने ठोकून बसवितो, आणि ती टिकली नाही म्हणून आश्चर्य करतो!

दहावी-बारावीनंतर गॅरेजमध्ये शिकायला जाणारी मुले आपल्याकडे पुष्कळ आहेत. उस्तादाच्या हाताखाली बघत बघत ती तयार होतात. ही परंपरा मोलाची आहे. पण उस्ताद 'कसे' दाखवितो, 'का' ते सांगायला त्याला सवड नसते. या लेखात बेअरिंगच्या निमित्ताने हे 'का' समजून घेण्याचा प्रयत्न आहे. गाडी बाळगणाऱ्या वाचकांनाही त्याचा उपयोग व्हावा.

बेअरिंग काय काम करते?

चाक फिरते आणि अ‍ॅक्सल स्थिर राहतो. या दोघांमध्ये घर्षण होऊ नये म्हणून मध्ये पोलादी छर्रे किंवा रोलर ठेवलेले असतात. बाहेर एक रिंग, आत एक रिंग, मधे छर्रे, आणि छर्रे एकमेकांना घासू नयेत म्हणून जाळी. एवढाच हा संसार. गाडीचे, माणसांचे आणि सामानाचे सगळे वजन या छर्ऱ्यांवरून रस्त्यावर उतरते.

मोटारीच्या चाकात मुख्यतः दोन जातींची बेअरिंग आढळतात. एक छर्ऱ्यांची, म्हणजे बॉल बेअरिंग. दुसरी निमुळत्या रोलरची, म्हणजे टेपर रोलर बेअरिंग. टेपर रोलरचे पेटंट हेन्री टिमकेन यांनी १८९८ साली अमेरिकेत घेतले. ते घोडागाडी बनविण्याच्या धंद्यातील गृहस्थ होते. वळणावर चाकाला बाजूचा रेटा बसतो आणि साधे बेअरिंग तो सोसत नाही, या अडचणीवर त्यांनी हा उपाय काढला. आजही जड वाहनांच्या चाकांत याच तत्त्वाचे बेअरिंग असते.

आपल्या देशात जयपूरच्या नॅशनल इंजिनिअरिंग इंडस्ट्रीज या कंपनीची स्थापना १९४६ साली झाली. तिचा 'एनबीसी' हा छाप मेकॅनिक मंडळींच्या परिचयाचा आहे. पुण्याजवळ चिंचवड येथे एस.के.एफ. या मूळ स्वीडिश कंपनीचा कारखाना आहे. म्हणजे महाराष्ट्रातील कारागिराला चांगले बेअरिंग दुर्मिळ नाही. प्रश्न उरतो तो ओळखून घेण्याचा आणि नीट बसविण्याचा.

निदान आधी, पाना नंतर

आवाज आला की लगेच ड्रम उघडायचा, ही घाई आहे. आवाज कोठून येतो हे आधी ठरवावे.

खराब बेअरिंगचा आवाज बहुधा ताशी ४०-५० किलोमीटरच्या पुढे स्पष्ट होतो आणि वेगाबरोबर चढत जातो. त्या वेगात क्लच दाबून गाडी मोकळी सोडावी. इंजिनची गती उतरूनही आवाज तसाच राहिला, तर दोष इंजिनकडे नसून चाकांकडे आहे असे समजावे.

त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर हलके डावे-उजवे वळण घेऊन पाहावे. गाडी डावीकडे वळते तेव्हा भार उजव्या चाकांवर जातो. त्या वेळी आवाज वाढला, तर संशय उजव्या बाजूवर घ्यावा. उजवीकडे वळताना वाढला, तर डाव्या बाजूवर. ही परीक्षा बहुतेक वेळा खरी ठरते, पण एकट्या तिच्यावर विसंबू नये.

टायरही असाच आवाज करतो. टायरची नक्षी वरखाली झिजली असेल तर हुबेहूब बेअरिंगसारखी घरघर येते. म्हणून टायरवरून हात फिरवावा. शंका वाटल्यास मागचे टायर पुढे व पुढचे मागे लावून गाडी चालवावी. आवाजाने जागा बदलली तर बेअरिंग निर्दोष आहे. असे असताना बेअरिंग बदलले तर ग्राहकाचे पैसे वाया जातात आणि आवाज कायम राहतो, तो वेगळाच.

शेवटची परीक्षा जॅकवर करावी. पुढच्या चाकांना अडण लावावी, मागची बाजू उचलून घोडीवर घ्यावी आणि हँडब्रेक सोडावा. चाक वर व खाली, म्हणजे घड्याळातील १२ व ६ च्या जागी धरून हलवावे. खडखड किंवा ढील जाणवते का ते पाहावे. मग एका हाताने चाक फिरवून दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवावा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून हाताला स्पष्ट कळते. दुसऱ्या बाजूच्या चाकाशी तुलना करावी. ढील नाही म्हणून बेअरिंग चांगले, असे मात्र समजू नये. छर्ऱ्यांच्या वाटेवर खड्डे पडले तरी सुरुवातीला ढील येत नाही, केवळ आवाज येतो.

दुर्लक्ष केल्यास काय होते?

"चालते आहे तोवर चालू द्या" असे म्हणणारे ग्राहक भेटतात. त्यांना परिणाम समजावून सांगणे हे कारागिराचे काम आहे. खरखर करणारे बेअरिंग तापते, ग्रीस पातळ होऊन वाहून जाते, जाळी तुटते. चाक डुगडुगू लागले की ड्रम वाकडा फिरतो आणि ब्रेकवर परिणाम होतो. फिरणाऱ्या रिंगने स्टब अ‍ॅक्सल खाल्ला तर खर्च कितीतरी पटींनी वाढतो. अगदी शेवटच्या अवस्थेत चाक जाम होऊ शकते किंवा ड्रमसह निखळू शकते. रात्रीच्या महामार्गावर, मुलाबाळांनी भरलेल्या गाडीचे मागचे चाक निखळणे म्हणजे काय, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

बेअरिंग खराब का होते?

नवे बेअरिंग बसविण्यापूर्वी जुने का गेले, हे शोधले पाहिजे. नाहीतर नव्याची गतही तीच होते.

पहिले कारण पाणी. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून गाडी काढली की तापलेला हब एकदम थंड होतो आणि सीलच्या कडेतून पाणी आत ओढले जाते. ग्रीसमध्ये पाणी मिसळले की गंज सुरू होतो. आवाज मात्र दिवाळीनंतर येतो आणि तोवर ग्राहक पाणी विसरलेला असतो.

दुसरे कारण खड्डा. जोराच्या आदळ्याने छर्रे रिंगवर बारीक खळगे पाडतात. पुढे प्रत्येक फेरीला छर्रा त्या खळग्यातून जातो आणि घरघर वाढत जाते.

तिसरे कारण भार. सी.एन.जी. बसविलेल्या गाडीत डिकीतील पोलादी सिलिंडरचेच वजन साधारण ५०-६० किलो भरते. त्यावर तीन प्रवासी व सामान. हा सगळा बोजा मागच्या चाकांवर पडतो. टॅक्सी चालविणाऱ्यांनी मागच्या बेअरिंगची तपासणी म्हणून अधिक वेळा करून घ्यावी. शोभेसाठी लावलेली, बाहेर निघालेली रुंद चाकेही बेअरिंगवर वाकडा भार टाकतात.

चौथे कारण फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. डेंटिंगच्या वेळी इलेक्ट्रिक वेल्डिंगची अर्थ क्लिप चुकीच्या जागी लावली, तर विजेचा प्रवाह बेअरिंगमधून वाहू शकतो. छर्ऱ्यांच्या टेकण्याच्या जागी ठिणग्या पडून बारीक डाग पडतात. म्हणून अर्थ नेहमी वेल्डिंगच्या जागेच्या अगदी जवळ घ्यावा.

पाचवे कारण म्हणजे मागच्या वेळची चुकीची फिटिंग. त्याकडे पुढे येऊ.

खरेदी : आकडे वाचायला शिका

मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि पुण्यात नाना पेठ या भागांत बेअरिंग व मोटारीच्या सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत. दुकानात गेल्यावर "अमुक गाडीचे मागचे बेअरिंग द्या" एवढेच सांगणे पुरेसे नाही. जुन्या बेअरिंगवरील क्रमांक वाचून तो सांगता आला पाहिजे.

उदाहरणार्थ, ६२०५ हा क्रमांक घेऊ. पहिला ६ म्हणजे खोल खाचेचे एकपदरी बॉल बेअरिंग. २ ही आकाराची मालिका. शेवटच्या ०५ ला ५ ने गुणले की आतील भोक २५ मिलिमीटर येते. या बेअरिंगचा बाहेरचा व्यास ५२ आणि जाडी १५ मिलिमीटर असते. ६३०५ चे भोकही २५ मिलिमीटरच, पण बाहेरचा व्यास ६२ व जाडी १७ मिलिमीटर. भोक जुळले म्हणून बेअरिंग जुळले असे नाही, ते यावरून ध्यानात यावे.

क्रमांकानंतरची अक्षरेही महत्त्वाची असतात. '२आरएस' म्हणजे दोन्ही बाजूंनी रबरी सील. 'झेडझेड' म्हणजे दोन्ही बाजूंनी पत्र्याची झाकणे. 'सी३' म्हणजे छर्रे आणि रिंग यांच्यात नेहमीपेक्षा थोडी अधिक मोकळीक. ही अक्षरे टाळून स्वस्त पडते ते घेतले, तर आकार बरोबर असूनही बेअरिंग कमी दिवस टिकते.

बाजारात नकली मालही आहे. जुनी बेअरिंग पॉलिश करून, नवा छाप मारून, नामांकित कंपनीच्या डब्यासारख्या डब्यात विकली जातात. छपाई फिकट, अक्षरे वाकडीतिकडी, डब्यावरील व बेअरिंगवरील क्रमांक वेगळे, रिंगवर घासल्याच्या रेषा, अशा खुणा तपासाव्यात. आता एस.के.एफ.सारख्या कंपन्यांनी मालाचा फोटो मोबाइलवरून पाठवून खात्री करण्याची सोय केली आहे. परंतु नुसत्या डोळ्यांनी नकली माल दर वेळी ओळखता येत नाही. अधिकृत विक्रेता आणि पक्के बिल हाच खरा उपाय. अवाजवी स्वस्त मिळते तेव्हा त्यातील फरक कोणीतरी भरीत असतो, आणि तो बहुधा गाडीत बसणारा असतो.

काम करण्याची पद्धत

उदाहरणादाखल पुढच्या चाकांनी ओढणारी, मागे ड्रम ब्रेक असलेली छोटी गाडी घेऊ. १९८३ ते २०१४ या काळात बनलेल्या मारुती ८०० ने ही रचना घराघरांत पोहोचविली. मागे स्थिर स्टब अ‍ॅक्सल, त्यावर फिरणारा ड्रम, ड्रमच्या पोटात दोन बॉल बेअरिंग, त्यांच्यामध्ये स्पेसर नळी, आणि आतल्या बाजूला ऑइल सील. आकार व क्रमांक गाडीगणिक बदलतात. म्हणून त्या गाडीची पुस्तिका पाहावी.

गाडी सपाट जागेवर उभी करावी. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण द्यावी. मधली टोपी काढता येत असेल तर स्प्लिट पिन काढून मोठा नट चाक जमिनीवर असतानाच सैल करावा. तो पक्का आवळलेला असतो आणि उचललेल्या गाडीवर जोर करणे धोक्याचे असते. चाकाचे नटही तेव्हाच सैल करावेत. मग जॅक लावून गाडी घोडीवर घ्यावी. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात घालू नये, ही शिस्त पहिल्या दिवसापासून पाळावी.

हँडब्रेक सोडून ड्रम ओढावा. अडकल्यास ब्रेक शूचे अ‍ॅडजस्टर मागे घ्यावे किंवा पुलर लावावा. ड्रमच्या कडेवर हातोडी मारू नये; ड्रम बिडाचा असतो आणि कड तुटते. आतील धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसांना घातक आहे. गॅरेजमध्ये शिकणारा मुलगा हीच धूळ दिवसभर श्वासातून घेत असतो, याचे भान मालकाने ठेवावे.

ऑइल सील काढून टाकावा. तो पुन्हा वापरू नये. पितळी पंचाने आतून चारही बाजूंना आळीपाळीने ठोकत जुने बेअरिंग बाहेर काढावे. एकाच बाजूला ठोकल्यास ते तिरके होऊन घर खरवडते. स्पेसर कोणत्या बाजूने कसा होता ते पाहून ठेवावे.

आता सर्वांत महत्त्वाची तपासणी. ड्रममधील बेअरिंगचे घर आणि स्टब अ‍ॅक्सल केरोसीनने धुऊन कोरडे करावेत. अ‍ॅक्सलवर निळसर डाग, खाच किंवा झीज दिसल्यास तो बदलण्यास सांगावे. ड्रममध्ये बेअरिंग सैल बसत असेल, तर काही जण घराला पंचाने टिपके मारून ते घट्ट करतात. हा जुगाड आहे. बेअरिंग त्या टिपक्यांच्या टोकांवर टेकते, थोड्याच दिवसांत टिपके दबतात आणि रिंग पुन्हा फिरू लागते. ड्रम बदलणे हाच योग्य मार्ग.

बसविताना एकच नियम

बेअरिंग शेवटच्या क्षणापर्यंत वेष्टनातून काढू नये. सीलबंद बेअरिंगमध्ये कंपनीने मापून ग्रीस भरलेले असते. ते धुऊ नये, वरून ग्रीसही भरू नये. उघड्या बेअरिंगमध्ये चाकासाठी सांगितलेले ग्रीस छर्ऱ्यांच्या आत दाबून भरावे. मधली पोकळी मात्र पूर्ण भरू नये. जास्त ग्रीस घुसळले जाऊन तापते आणि सील ढकलून ब्रेकवर येते.

बसविण्याचा नियम असा : जी रिंग घट्ट बसणार आहे, जोर त्याच रिंगवर द्यायचा. या रचनेत ड्रमबरोबर बाहेरची रिंग फिरते, म्हणून ती ड्रममध्ये घट्ट बसते. तेव्हा दाब बाहेरच्या रिंगवर हवा. आतल्या रिंगवर ठोकले तर तो सगळा मार छर्ऱ्यांमधून बाहेरच्या रिंगकडे जातो आणि छर्रे वाटेवर खळगे पाडतात. डोळ्यांना काही दिसत नाही. हाताने फिरविले तरी बेअरिंग गोड फिरते. पण ते त्या क्षणीच जखमी झालेले असते. दोन-तीन महिन्यांनी परत येणारा आवाज पुष्कळदा याच जागी जन्म घेतो. याउलट, एखादे बेअरिंग शाफ्टवर घट्ट बसवायचे असेल तर दाब आतल्या रिंगवर द्यावा.

यासाठी हायड्रॉलिक प्रेस असावी. ती नसल्यास रिंगच्या मापाचा पाइप किंवा जुन्या बेअरिंगची घासून सैल केलेली बाहेरची रिंग मध्ये ठेवून सरळ दाब द्यावा. गॅसची ज्योत बेअरिंगला कधीही दाखवू नये. पोलादाचा कस जातो. पहिले बेअरिंग बसले की स्पेसर ठेवावा, मग दुसरे बसवावे. स्पेसर विसरला तर नट आवळताच आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात आणि बेअरिंगवर कायमचा बाजूचा दाब राहतो. एका चाकातील दोन्ही बेअरिंग व सील एकदमच बदलावेत. दुसऱ्या बाजूचे चाक निर्दोष असेल तर तेथील बेअरिंग बदलण्याचा आग्रह धरू नये.

नट किती आवळायचा?

येथे दोन जातींमध्ये मोठा फरक आहे आणि तो न कळल्याने नुकसान होते.

बॉल बेअरिंग व स्पेसर असलेल्या रचनेत नटाचा दाब आतल्या रिंगा आणि स्पेसर झेलतात. तो नट पुस्तिकेत दिलेल्या मापाने पक्का आवळायचा असतो. टेपर रोलरच्या जोडीत मात्र नटाचा दाब सरळ रोलरवर येतो. तेथे चाक फिरवीत नट आवळून रोलर जागेवर बसवायचे, मग नट सैल करून पुस्तिकेप्रमाणे हलका लावायचा, म्हणजे किंचित मोकळीक राहते. टेपरला बॉलसारखे करकचून आवळले तर ते तापून जळते. बॉलच्या रचनेत नट टेपरसारखा सैल ठेवला तर रिंग अ‍ॅक्सलवर फिरू लागते.

"हाताला अंदाज आहे" हे येथे चालत नाही. टॉर्क पाना वापरावा. स्प्लिट पिन नवीन लावावी. टोचून लॉक करण्याचा नट असेल तर तोही नवीन घ्यावा. नंतर ब्रेक अ‍ॅडजस्ट करावा, चाकाचे नट आडवे-उभे आळीपाळीने आवळावेत आणि गाडी स्वतः चालवून पाहावी. परत आल्यावर दोन्ही मागच्या हबची उष्णता तुलनेने पाहावी.

नव्या गाड्यांतील बदल

अलीकडच्या अनेक गाड्यांत सुटी बेअरिंग उरलेली नाहीत. दोन पदरी बेअरिंग आणि हब एकत्र करून चार बोल्टांनी लावलेला संच येतो. तो बसविणे सोपे, पण महाग असते. तेथे ठोकाठोकीची वेळ येत नाही, तसेच चुकीच्या निदानाला माफीही राहत नाही. चुकीच्या बाजूचा संच बदलला तर मोठी रक्कम पाण्यात जाते.

दुसरा बदल ए.बी.एस.चा. आपल्या देशात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना ए.बी.एस. बंधनकारक झाले. चाकाचा वेग मोजण्यासाठी पुष्कळ बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते. ती डोळ्यांना साध्या काळपट सीलसारखी दिसते. ही बाजू सेन्सरकडे ठेवावी लागते. बेअरिंग उलटे बसले, किंवा ती पट्टी स्पीकरच्या चुंबकाजवळ ठेवल्याने बिघडली, तर ए.बी.एस.चा दिवा पेटतो आणि सगळे काम पुन्हा करावे लागते.

धंद्याचा हिशेब

समजा, या कामात मजुरीचे ५०० रुपये आणि मालावर १०० रुपये सुटले. एकूण मिळकत ६०० रुपये. गाडी तीन महिन्यांनी परत आली तर ग्राहक पुन्हा पैसे देणार नाही. ७०० रुपयांचा माल पदरचा, तीन तासांची मेहनत फुकट, आणि त्या वेळेत दुसरे काम बुडाले. पहिल्या वेळची कमाई गेली आणि वर खिशातून पैसे गेले. शिवाय तो ग्राहक आणखी चार जणांना काय सांगेल, त्याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही.

याउलट टॉर्क पाना, पुलर आणि प्रेस यांवरील खर्च एकदाच होतो. एकट्याला प्रेस परवडत नसेल तर एका गल्लीतील तीन-चार गॅरेजवाल्यांनी भागीत घ्यावी. बेअरिंगबरोबरच बुश दाबणे व काढणे यांसाठीही ती रोज उपयोगी पडते.

काही सवयी मात्र बिनखर्चाच्या आहेत. जुने बेअरिंग ग्राहकाच्या हातात देऊन फिरवून दाखवावे. नव्याचा डबा त्याच्यासमोर उघडावा. बिलावर बेअरिंगचा क्रमांक, तारीख आणि किलोमीटरचा आकडा लिहावा. झाकलेले काम उघड करून दाखविण्याचा हाच मार्ग आहे. गाडीमालकांनीही या तीन गोष्टी निःसंकोच मागाव्यात, आणि नीट काम करणाऱ्याची मजुरी घासाघीस करून कमी करू नये.

पुढचा काळ

विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्यापासून लहान गॅरेजवाल्यांना चिंता वाटते, आणि ती खोटी नाही. या गाड्यांत इंजिन ऑइल नाही, प्लग नाही, सायलेन्सर नाही. गिअर बदलण्याचा क्लचही नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या कामांवर घर चालले, त्यांतील बरीच कामे कमी होणार आहेत. पण चाक फिरणार तोवर बेअरिंग राहणार. ब्रेक, सस्पेन्शन, स्टिअरिंग राहणार. उलट बॅटरीमुळे या गाड्या जड असतात, म्हणून चाकांवरील भार अधिक. इंजिनचा आवाज नसल्याने बेअरिंगची बारीक घरघरही ग्राहकाच्या कानी लवकर पडते. तो अधिक लवकर येईल आणि अधिक नेमके निदान मागेल.

म्हणून ज्या तरुणांना या धंद्यात राहायचे आहे, त्यांनी अंदाज सोडून मापाकडे वळावे. दहावीनंतर आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. जे आधीच गॅरेजमध्ये तयार झाले आहेत, त्यांच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत करण्यात आली. हातात हुन्नर आहे, त्याला कागदाची जोड मिळाली तर मोठ्या वर्कशॉपचे दारही उघडते.

उस्ताद मंडळींनाही एक विनंती आहे. पुढच्या वेळी बेअरिंग बदलताना शागिर्दाला केवळ पाना द्यायला उभे करू नका. जुने बेअरिंग फोडून त्याला छर्ऱ्यांची वाट दाखवा, खळगा कोठे पडला आणि का पडला ते त्याच्या बोटाला कळू द्या. त्याच्याकडून क्रमांक वाचून घ्या, टॉर्क पाना त्याच्या हातात द्या. एवढे शिकलेला मुलगा उद्या कोणत्याही गाडीसमोर उभा राहिला तरी गोंधळणार नाही, आणि ज्या घरची गाडी त्याच्या हातून जाईल, ते घर निर्धास्तपणे प्रवास करील.